कुणी मोजलं होतं का?



मागच्या उन्हाळ्यात रेडिओच्या कामासाठी आम्ही एका गावातल्या बचत गटाला भेटायला गेलो होतो. गटाला उडदाच्या पापडांची मोठी मागणी आली होती. ओसरीवर पंधरा-सोळा जणी पोळपाट-लाटणी घेऊन बसल्या होत्या, अंगणात बाजांवर पापड वाळत होते. एक बाई तेवढी लांब, जोत्याच्या टोकाला नुसती बसून होती. आम्हाला वाटलं, बरं नसेल. विचारलं तर शेजारची म्हणाली, "तिला कावळा शिवलाय." पाळीतल्या बाईचा हात लागला तर पापड तळताना लाल पडतो, असं तिथे मानतात. मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे वहीत तिच्या नावापुढे चार दिवस नुसती रेघ.

आम्ही विचारलं, "असा लाल पडलेला पापड तुमच्यापैकी कुणी पाहिलाय?"

जरा वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "पाहणार कसा? आम्ही हात लावूच देत नाही."

परतताना एसटीत आमचं त्यावरच बोलणं चाललं होतं. हात लावूच दिला नाही, तर पापड बिघडतो की नाही हे कळायचं कसं? आणि कळलं नाही, तरी रेघ मात्र दरमहा पडतेच. तेव्हा आमच्यातल्या एकीला लेटा हॉलिंगवर्थची आठवण झाली. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत या बाईने जवळपास हाच प्रश्न विचारला होता. ती नुसतं विचारून थांबली नाही, तिने मोजून पाहिलं. आज तिची गोष्ट सांगतो.

लेटा मानसशास्त्रज्ञ होती. मानसशास्त्र म्हणजे माणसाचं मन, बुद्धी आणि वागणं यांचा अभ्यास. हा अभ्यास नुसत्या विचाराने नाही, तर प्रयोग करून, नोंदी ठेवून, आकडे मांडून करणारी जी मंडळी त्या काळात पुढे आली, त्यांतली ती एक. पुढे ती न्यूयॉर्कच्या मोठ्या कॉलेजात प्राध्यापक झाली. पण सुरुवात अगदी साधी होती.

साल होतं १८८६. त्या वर्षी मार्च महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, बायकांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, २५ मे रोजी, त्याच देशात पण शहरांपासून फार दूर, नेब्रास्का राज्यातल्या शॅड्रन गावाजवळ लेटाचा जन्म झाला. ते गवताळ माळरान. तिथल्या मूळ रहिवाशांना हटवून सरकार ती जमीन बाहेरून आलेल्या शेतकरी कुटुंबांना देत होतं. झाडं कमी, लाकूड महाग, म्हणून नव्याने आलेले लोक जमिनीत किंवा टेकाडाच्या पोटात खणून घर करायचे. अशाच एका घरात लेटा जन्मली.

तिच्या आईला लिहायची आवड होती. लेटाच्या पहिल्या वर्षात आईने एक छोटी वही ठेवली होती. बाळच बोलतंय अशा थाटात ती बाळाच्या वाढीच्या नोंदी त्यात लिहायची. पुढे दोन मुली आणखी झाल्या. तिसरीच्या बाळंतपणात आई गेली. लेटा तेव्हा चार वर्षांचीही नव्हती.

वडील काम शोधत फिरत राहिले. मुली आजोळी वाढल्या. आजी-आजोबांनी सांभाळ केला, शाळेत घातलं. लेटा बारा-तेरा वर्षांची असताना वडिलांनी दुसरं लग्न करून मुलींना व्हॅलेंटाइन नावाच्या गावी नेलं. सावत्र आईचा जाच होता. लेटासाठी बाहेर पडायचा रस्ता एकच होता, शिक्षण. सोळाव्या वर्षी शाळा संपवून ती लिंकन शहरात नेब्रास्का विद्यापीठात गेली. तिला लेखिका व्हायचं होतं. १९०६ साली ती पदवीधर झाली, तीही वरच्या गुणांनी, आणि शिक्षिकेची तयारीही करून बाहेर पडली.

विद्यापीठात तिची हॅरी हॉलिंगवर्थशी ओळख झाली, लग्न ठरलं. हॅरी पुढे शिकायला न्यूयॉर्कला गेला. लेटाने दोन वर्षं नेब्रास्कातल्या शाळांमध्ये शिकवलं. मग ३१ डिसेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कला जाऊन तिने लग्न केलं. तिला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या शहरात शाळा काही कमी नाहीत, आपल्यालाही नोकरी मिळेल.

पण न्यूयॉर्कच्या शाळांचा नियम असा, की लग्न झालेल्या बाईला शिक्षिका म्हणून घ्यायचं नाही. पदवी आहे, अनुभव आहे, शिकवण्याची आवड आहे, पण गळ्यात मंगळसूत्र आहे ना, मग नको, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. पुरुषाला मात्र लग्न झालं म्हणून कुणी घरी बसवत नव्हतं.

मग लेटा घरात अडकली. स्वयंपाक, धुणं, शिवण, ठिगळं. नवऱ्याचा पगार तुटपुंजा. फावल्या वेळात ती गोष्टी लिहून मासिकांना पाठवायची, त्या परत यायच्या. पुढे शिकावं तर फीला पैसे नाहीत, आणि शिष्यवृत्त्या बहुतेक पुरुषांसाठीच. नवरा समजूतदार होता, घरात भांडण नव्हतं. तरी एवढं शिकून हातात काही नाही हे दुःख होतंच. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींची दहावी-बारावीची मार्कशीट पेटीच्या तळाशी आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिची वाट मोकळी झाली ती एका कोर्टाच्या खटल्यामुळे. अमेरिकन सरकारने कोका-कोला कंपनीवर खटला भरला होता. त्या पेयात कॅफीन आहे, म्हणजे चहा-कॉफीत असतो तोच पदार्थ, आणि तो शरीराला घातक आहे, असं सरकारचं म्हणणं. कंपनीला स्वतःची बाजू मांडायची होती, पण कॅफीनचा माणसाच्या मनावर आणि कामावर काय परिणाम होतो हे नीट तपासलेलंच नव्हतं. ते काम हॅरीकडे आलं. प्रयोगांवर देखरेख करायचं काम त्याने लेटाला दिलं.

१९११ साली न्यूयॉर्कमध्ये भाड्याने जागा घेऊन सोळा जणांवर सुमारे चाळीस दिवस हे प्रयोग चालले. त्यांना कधी कॅफीनची कॅप्सूल, कधी नुसती दुधातल्या साखरेची. दिसायला दोन्ही सारख्या. आज आपल्याला काय दिलंय, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि चाचणी घेणाऱ्यालाही ठाऊक नाही. कारण ठाऊक असलं की मन तसंच वागायला लागतं. "आज कॉफी घेतलीय, तरतरी येणारच," असं वाटलं की ती येतेच. मग त्यांचे हात किती वेगाने चालतात, उत्तरं किती लवकर येतात, हे रोज मोजायचं. कंपनीच्या पैशाने प्रयोग होतोय, तेव्हा निकाल कंपनीच्या सोयीचा निघाला असं कुणी म्हणू नये, यासाठी ही काळजी फार गरजेची होती.

या कामातून लेटाला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे पैसे. त्यावर तिने कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात प्रवेश घेतला. आणि दुसरी म्हणजे मोजायची शिस्त. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा तपासायचं, आजची तुलना त्याच्याच कालशी करायची, आणि आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवून आकडा काय म्हणतो ते बघायचं. तिचं पुढचं सगळं आयुष्य या शिस्तीवर उभं राहिलं.

आता तो काळ समजून घ्या. १८७३ साली हार्वर्डच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहिलं होतं. मुलींनी मुलांच्या बरोबरीने डोक्याला ताण देऊन अभ्यास केला तर त्यांचं गर्भाशय नीट वाढत नाही, पाळीच्या दिवसांत तर अभ्यास नकोच, असं त्यात म्हटलं होतं. पुस्तक खूप खपलं. मुलींना कॉलेजात घालावं की नाही यावर घरोघरी वाद झाले. त्याला पहिलं ठोस उत्तर दिलं ते डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी. या बाई फिलाडेल्फियाच्या त्याच कॉलेजात शिकलेल्या, जिथे पुढे आनंदीबाई शिकल्या. त्यांनी बायकांकडून प्रश्नावली भरून घेतली, नाडी मोजली, ताकद मोजली, आणि पाळीत सक्तीच्या विश्रांतीची गरज सिद्ध होत नाही असं दाखवलं. १८७६ साली हार्वर्डनेच त्या निबंधाला पारितोषिक दिलं.

तरीही जुनी समजूत गेली नाही. लेटा शिकत होती त्या काळातही डॉक्टरांच्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की दर महिन्याला काही दिवस बाईची बुद्धी मंद पडते, हात कापतो, भरवसा ठेवता येत नाही. म्हणून जबाबदारीची कामं तिला देऊ नयेत. लेटाने ही पुस्तकं एकेक करून वाचली. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने उतरवलेलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. पण मोजलं कुणी होतं? जवळपास कुणीच नाही. आमच्या त्या आजींनी निदान खरं काय ते सांगितलं. या विद्वानांनी तेही सांगितलं नव्हतं.

तेव्हा लेटाने आपल्या पीएच.डी.साठी हाच विषय घेतला. तेवीस बाया आणि दोन पुरुष निवडले. काहींच्या चाचण्या तीन महिने चालल्या. चाचण्या साध्याच. धातूच्या पट्टीवर दांडीने जितक्या वेगाने जमेल तितकं टकटक करायचं. लहानशा भोकात दांडी धरायची आणि हात किती थरथरतो ते बघायचं. रंगांची नावं पटापट सांगायची. शब्द दिला की त्याचा उलट शब्द सांगायचा. काहींना टाइपरायटर शिकायला दिला, म्हणजे नवीन काम शिकण्याच्या वेगावर पाळीचा परिणाम होतो का तेही कळेल.

पुरुष कशाला घेतले असतील? कारण कुणाचंही काम रोज सारखं होत नाही. एखाद्या दिवशी आपलीही भाकरी थापताना फाटते. बाईची भाकरी फाटली की लोक पाळीचा दिवस मोजतात, पुरुषाचं काम बिघडलं तर म्हणतात, रात्री झोप झाली नसेल. पुरुषांचंही काम रोज खाली-वर होतं, हे आकड्यांत शेजारी दिसायला हवं होतं.

१९१४ साली हा अभ्यास छापून आला. पाळीच्या दिवसांत बायांचा हात मंदावला नव्हता, थरथर वाढली नव्हती, उत्तरं चुकली नव्हती. टाइपिंग शिकणाऱ्या पाळी असो-नसो, शिकतच गेल्या होत्या. महिन्याच्या चक्राप्रमाणे काम घसरतं याचा कुठलाही पुरावा सापडला नाही.

आता इथे जरा थांबू या. कारण हे ऐकून कुणी म्हणेल, "बघा, पाळीत काही होत नाही, मग विश्रांती कशाला पाहिजे?" लेटाने तसं म्हटलेलं नाही. तिने दुखणं मोजलं नव्हतं, बुद्धी आणि हाताचं कसब मोजलं होतं. कुणाचं पोट दुखतं, कुणाची कंबर धरते, कुणाला अंगावरून जास्त जातं. त्यांना टेकायला मिळालंच पाहिजे, आणि फार जात असेल तर दवाखान्यात दाखवलं पाहिजे. पण दुखतंय म्हणून बसणं वेगळं आणि हिचा हात आज चालायचा नाही असं दुसऱ्यांनी ठरवणं वेगळं.

पापडांच्या त्या गावी आम्ही जोत्यावर बसलेल्या बाईशीही बोललो होतो. ती म्हणाली, "ताई, बसायला माझी ना नाही. तेवढंच चार दिवस अंग टेकायला मिळतं. पण मी काम करते म्हटलं तरी करू देत नाहीत, आणि वर रेघ मारतात. ते मला नको."

याच्या उलटही होतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायांच्या बातम्या आपण ऐकल्या. कामाचा दिवस बुडला की पैसे कापले जातात, पाळीची अडचण नको, म्हणून तरुण वयात गर्भाशयच काढून टाकल्याच्या त्या बातम्या होत्या. सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. एकीकडे पाळी आली म्हणून काम करू देत नाहीत, दुसरीकडे पाळी आली तरी बसू देत नाहीत. दोन्हीकडे बाईला कुणी विचारत नाही.

लेटाकडे परत जाऊ. त्याच काळात विद्वानांमध्ये आणखी एक मत होतं. पुरुषांमध्ये फरक जास्त असतात, म्हणजे अतिशय हुशारही पुरुषच आणि अगदी मंदही पुरुषच. बाया सगळ्या मधल्या, एकसारख्या. म्हणून थोर शास्त्रज्ञ, थोर कवी पुरुषांतूनच निघतात. मग बायकांच्या उच्च शिक्षणावर खर्च कशाला? हे मत साध्यासुध्या लोकांचं नव्हतं. लेटाचे स्वतःचे मार्गदर्शक, नामांकित मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक, हेही याच मताचे होते. आपल्याच गुरुजींचं मत तपासायला निघायचं म्हणजे धीर लागतो. आणि तपासू देणाऱ्या गुरुजींचंही एवढं श्रेय मानलं पाहिजे.

लेटाने विचार केला, फरक जन्मजात आहे म्हणता ना, मग जन्मल्या जन्मल्याच बघू. हेलन मॉन्टेग्यू या सहकारी बाईबरोबर तिने न्यूयॉर्कच्या एका दवाखान्यातल्या एक हजार मुलगे आणि एक हजार मुली अशा नवजात बाळांची मापं तपासली. वजन, लांबी, डोक्याचा घेर. बाळाला अजून ना कुणी भातुकली दिलेली, ना बॅट. मुलगे सरासरीने थोडे मोठे होते. पण आपापसांतला फरक मुलग्यांमध्ये जास्त आहे, असं काही दिसलं नाही.

मग मंदबुद्धी माणसांच्या संस्थांमध्ये पुरुष जास्त कसे? याचं उत्तर लेटाला नोकरीत सापडलं. १९१३ पासून ती न्यूयॉर्क शहराच्या एका केंद्रात बुद्धिमापनाच्या चाचण्या घेत होती. तिथे आलेल्या एक हजार जणांच्या नोंदी तिने तपासल्या. मुलगे लहान वयात आणले जात होते, बाया बऱ्याच मोठ्या झाल्यावर. कारण उघड होतं. मुलाला बाहेर जाऊन कमवावं लागतं, त्याला जमलं नाही की लगेच लोकांच्या डोळ्यांवर येतं. मुलगी मंद असली तरी घरात झाडलोट करते, भांडी घासते, पोरं सांभाळते. घराला तिचा उपयोग असतो, म्हणून तिला कुणी आणत नाही. घरचा आधार सुटला की मग ती संस्थेच्या दारात येते. म्हणजे संस्थेतली संख्या बुद्धीबद्दल सांगत नव्हती, कुणाला घरात ठेवून घेतात एवढंच सांगत होती.

हुशारीचंही तेच, असं लेटाचं म्हणणं होतं. घरकाम आणि मुलं वाढवणं ही अशी कामं, की ती कितीही उत्तम केली तरी त्यांत कुणी नामवंत होत नाही. उत्तम भाकरी थापली म्हणून कुणाचा पुतळा उभा राहिलाय? जगातल्या बहुतेक बायांना याच कामाला जुंपायचं आणि मग विचारायचं, तुमच्यात थोर माणसं का नाहीत? आधी सारखी संधी द्या, मग मोजा.

१९१६ साली तिने आणखी एक निबंध लिहिला. समाज बायकांना मुलं जन्माला घालायला कसा भाग पाडतो, हा त्याचा विषय. सैनिकांना लढाईवर पाठवण्यासाठी जसा सन्मान, गौरव, कायदा, लाजलज्जा सगळं वापरतात, तसंच इथेही वापरतात, असं तिने दाखवलं. कायदा, धर्मश्रद्धा, चित्रं, शाळेतले धडे, लोकांची बोलणी. तिशीनंतर मूल झालं तर धोका, एकुलतं एक मूल बिघडतं, अशा भीती. बाळंतपणातल्या वेदना आणि मरण यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आई होऊ नका, असं तिचं सांगणं नव्हतं. खरं सांगा आणि मग बाईला ठरवू द्या, असं होतं. तिची स्वतःची आई बाळंतपणात गेली होती, हे आपण विसरायला नको.

त्याच वर्षी ती पीएच.डी. झाली आणि टीचर्स कॉलेजात शिकवायला लागली. ज्या शहराने लग्न झालेली बाई म्हणून शाळेत शिकवू दिलं नव्हतं, तिथेच आता ती शिक्षकांना शिकवत होती. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून निघालेल्या मोर्चांमध्येही ती चालली. न्यूयॉर्क राज्यात बायकांना तो हक्क १९१७ साली मिळाला. १९२९ साली ती पूर्ण प्राध्यापक झाली.

पुढची वीस-बावीस वर्षं तिने मुलांसाठी दिली. चाचणी केंद्रात तिने पाहिलं होतं की मंद म्हणून आणलेली काही मुलं मंद नव्हतीच. घरच्या त्रासाने, वयात येतानाच्या गोंधळाने ती बिथरलेली होती. त्यातून १९२८ साली तिने किशोरवयावर पुस्तक लिहिलं. शिक्षकांच्या कॉलेजांमध्ये ते खूप चाललं. दुसरीकडे, फार हुशार मुलांची शाळेत कशी कुचंबणा होते तेही तिने पाहिलं. सगळं आधीच येतं म्हणून ती कंटाळतात, कुणाशी जमत नाही म्हणून एकटी पडतात. त्यांच्यासाठी तिने न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेत वेगळे वर्ग चालवले. १९३६ साली स्पायर स्कूलमध्ये सुरू झालेल्या तिच्या प्रयोगात एकाच इमारतीत अतिशय हुशार मुलांचेही वर्ग होते आणि मागे पडणाऱ्यांचेही. हुशार मुलांना पुढच्या इयत्तेची पुस्तकं न देता रोजच्या वस्तूंचा इतिहास शोधायला लावायचे. घर कसं तयार झालं, कपडा कुठून आला, अन्न, दिवा, गाडी यांची गोष्ट काय. मुलं स्वतः पुस्तकं चाळून, फिरून, विचारून माहिती गोळा करायची.

मैत्रिणींनो, लेटाचं सगळंच बरोबर होतं असं आम्ही म्हणणार नाही. हुशारी रक्तातूनच येते, आणि कमी बुद्धीच्या माणसांना मुलं होऊ देऊ नयेत, असा एक विचार त्या काळी तिकडे फार पसरला होता. लेटानेही तो मानला. याच विचाराच्या जोरावर अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचे कायदे केले, आणि १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा योग्य ठरवला. त्यात गरीब बाया फार भरडल्या गेल्या. मंद म्हणून आणलेल्यांत चांगल्या बुद्धीची मुलं निघतात, हे लेटाने स्वतः पाहिलं होतं. बायकांच्या बुद्धीबद्दल तिने जो प्रश्न विचारला, तोच या बाबतीत पुरेसा विचारला नाही. हे सांगायलाच हवं, कारण उद्या आपणही एका समजुतीला प्रश्न विचारू आणि दुसरी तशीच पदराला बांधून ठेवू.

लेटाला मूल नव्हतं. शेवटची दहा वर्षं तिला पोटाचा कर्करोग होता. तिने तो कुणाला कळू दिला नाही, नवऱ्यालाही नाही. शाळा, वर्ग, लिखाण चालूच ठेवलं. २७ नोव्हेंबर १९३९ रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी ती गेली. अतिशय हुशार मुलांवरचं तिचं अर्धं राहिलेलं पुस्तक हॅरीने पूर्ण करून १९४२ साली छापलं. नंतर त्याने तिचं चरित्रही लिहिलं. तिच्या दुखणं लपवण्याचं आम्हाला मुळीच कौतुक नाही. तुम्ही तसं करू नका. गाठ असो, अंगावरून जाणं असो, घरात सांगा आणि लवकर दाखवा.

आता आपल्या पापडांचं. आम्ही त्या गटाला फोन केला आणि एक गोष्ट सुचवली. एकाच पिठाच्या लाट्या घ्यायच्या. पाळी असलेली एक आणि नसलेली एक, अशा दोघींनी वीस-वीस पापड लाटायचे. दोन सारखे डबे, बुडाला एकावर टिकली, एकावर काही नाही. कुठला डबा कुणाचा हे एकीनेच एका चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी पेटीत ठेवायची. तळणारी वेगळी, बघणारी वेगळी, दोघींनाही काही सांगायचं नाही. बघणाऱ्या बाईने लाल किती, पांढरे किती एवढंच मोजायचं. मग चिठ्ठी उघडायची. नुसतं एकदा नाही, तीन-चार महिने करायचं, वेगवेगळ्या जणींनी.

पलीकडे बराच वेळ कुजबूज चालली. दोघी-तिघी म्हणाल्या, नको बाई, देवाधर्माचं काही झालं तर. कुणी म्हणालं, घरी कळलं तर बोलणी बसतील. मग त्या आजींचा आवाज आला. "वीस पापडांचं पीठ कितीसं लागतंय? करून बघा. मलाही बघायचंय." पहिला डबा भरलाय, एवढंच आम्हाला अजून कळलंय.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. पाळीच्या दिवसांत बाईने काय काय करायचं नाही, याची यादी प्रत्येकीने सांगायची आणि वहीत लिहून काढायची. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारा, हे कुणी पाहिलंय का? आणि वहीत ज्यांच्या नावापुढे रेघा पडल्यात, त्यांची मजुरी किती बुडाली, तीही बेरीज करा. यादी आणि बेरीज आम्हाला कळवा.